सेल्फ फिरतो, इंजिन लागत नाही: जुन्या पिकअपच्या डिझेल पंपाचा करंट कसा शोधायचा

इंदुरात जुनी पिकअप घेऊन धंद्यात उतरणारे बरेच दिसतात. कुणी चोइथराम मंडीतून कांदा-बटाटा उचलतो, कुणी सांवेर रोडच्या कारखान्यातला माल पीथमपूरला पोचवतो. गाडी पंधरा-वीस वर्षांची, दोन-तीन मालकांच्या हातून आलेली आणि वायरिंगला प्रत्येकाने आपापल्या अकलेने हात लावलेला. अशी गाडी एखाद्या सकाळी सेल्फला झोकात फिरते, पण सुरू होत नाही. बोनेटभोवती चार जण जमतात आणि त्यातला एक हमखास निकाल देतो, "भिया, पंप गया."

गेलाही असेल. पण पंप उतरवायचा, पंपवाल्याच्या बेंचवर लावायचा, परत आणून टायमिंग जुळवून बसवायचा, म्हणजे पैसे आणि दोन-तीन दिवसांचा धंदा दोन्ही गेले. त्याआधी पंपापर्यंत करंट पोचतो का, हे बघायला एक टेस्ट लॅम्प आणि अर्धा-पाऊण तास पुरतो. फ्यूज बदलण्यापलीकडे ज्यांनी गाडीच्या वायरीला हात लावलेला नाही, त्यांनाही हे जमेल.

आधी पंप कोणत्या जातीचा ते बघा

बोनेट उघडून इंजेक्टर (इंजिनच्या डोक्यावर बसलेले, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) शोधा. इंजेक्टरवर फक्त पोलादी नळी येत असेल, वायरीचा कपलर (वायरी जोडायचा प्लॅस्टिकचा प्लग) नसेल, आणि त्या सगळ्या नळ्या एकाच पंपातून निघत असतील, तर पंप जुन्या पद्धतीचा, म्हणजे मेकॅनिकल आहे. इंदूरचे जुने मिस्त्री अजून त्याला मायकोचा पंप म्हणतात, मग त्यावर नाव काहीही असो. (मायको कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, मिस्त्रींनी ते मनावर घेतलेलं नाही.) प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर कपलर असेल आणि सगळ्या नळ्या एका जाड आडव्या दांडीतून निघत असतील, तर ती कॉमन रेल. तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे, पण थोडंच. तिथे नवख्याने करण्यासारखं कमी आणि न करण्यासारखं जास्त आहे.

मेकॅनिकल पंपाला चालण्यासाठी वीज लागत नाही, तो इंजिनवर फिरतो. वीज लागते ती एका छोट्या भागाला: स्टॉप सोलेनॉइड. गोल रोटरी पंपावर, जिथून इंजेक्टरच्या नळ्या निघतात त्या डोक्याजवळ, अंगठ्याएवढा एक धातूचा भाग स्क्रूसारखा बसवलेला असतो आणि त्याच्या टोकावर छोट्या नटाखाली एकच वायर असते. चावी ऑन केली की त्यात करंट जातो, आतला खिळा वर ओढला जातो आणि डिझेलचा रस्ता उघडतो. चावी बंद केली की स्प्रिंग खिळा खाली ढकलते, डिझेल बंद, इंजिन बंद. म्हणजे करंट तुटला की गाडी बंद पडणार, हा त्याचा स्वभावच आहे. पूर्ण धडधाकट पंप एका खराब वायरीमुळे मेल्यासारखा दिसतो तो यामुळे.

लांबट, एका ओळीतल्या इनलाइन पंपावर गोष्ट थोडी वेगळी. तिथे पंपाच्या बाजूला एक लिव्हर असतो, तो कधी केबलने ओढतात, कधी बाहेर लावलेल्या मोठ्या सोलेनॉइडने. काहींमध्ये करंट दिल्यावर इंजिन चालतं, काहींमध्ये करंट दिल्यावर बंद होतं. तुमची कुठली, हे गाडी ठीक असतानाच बघून ठेवा: इंजिन चालू असताना सोलेनॉइडची वायर काढा. बंद पडलं तर पहिली जात, चालत राहिलं तर दुसरी. दुसऱ्या जातीत वायर तुटल्याने गाडी अडत नाही, उलट बंद होत नाही. मग तुमच्या आजच्या तक्रारीचं कारण दुसरीकडे शोधायचं.

हत्यारं

मल्टीमीटर साधा चालतो, जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतो. पण त्याहून महत्त्वाचा टेस्ट लॅम्प, आणि तो घरी बनवा: इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, होल्डर, दोन लांब वायरी, टोकांना मगर क्लिप. बाजारात एलईडीचा पेनासारखा टेस्टर मिळतो. तो या कामाला घेऊ नका, का ते पुढे कळेल. याशिवाय १० अँपिअरचा फ्यूज मध्ये घातलेली दोन-तीन मीटर वायर, पॉलिश पेपर आणि १० नंबरचा पाना. बस्स.

काम सुरू करताना हँडब्रेक, गिअर न्यूट्रल, चाकाला दगड. हातातलं कडं-अंगठी काढून ठेवा; पाना बॅटरीच्या प्लसवरून बॉडीला टेकला तर अंगठी बोटावरच तापते. पेट्रोल गाडी असेल तर टाकीजवळ ठिणगी उडेल असं काहीच करायचं नाही.

पहिला प्रश्न: डिझेल पोचतंय का

वायरिंगला हात लावण्याआधी एकाला सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही सायलेन्सरच्या मागे उभे राहा. दहा सेकंद सेल्फ फिरला आणि पांढुरका-राखाडी धूर येतोय, डिझेलचा वास येतोय, तर डिझेल सिलिंडरपर्यंत जातंय. मग सोलेनॉइडकडे बघू नका. हीटर प्लग (थंड इंजिन सुरू होण्याआधी सिलिंडर तापवणारे), कॉम्प्रेशन, सेल्फचा कमी वेग, टायमिंग या बाजूने शोधा. इंदूरची जानेवारीतली पहाट असेल तर हीटर प्लग आधी.

धूर अजिबात नाही, तर डिझेल जात नाही. त्याची कारणं दोन घरांतली: एक तर डिझेलच्या वाटेत अडथळा किंवा हवा, नाहीतर करंट. टाकीत डिझेल आहे का, हे काट्यावर विश्वास न ठेवता बघा (काटाही विजेवरच चालतो). फिल्टरवरचा हँड प्रायमर (हाताने दाबून डिझेल ओढायचा छोटा पंप) दाबून बघा. दाबल्यावर कडक होत नसेल तर लाइनमध्ये हवा आहे किंवा डिझेल येत नाही. कडक होत असेल तर पुढे चला.

सोलेनॉइडचा "टक"

चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. दुसऱ्याने कान पंपाजवळ न्यावा किंवा सोलेनॉइडवर बोट ठेवावं. चावी ऑन-ऑफ केल्यावर प्रत्येक वेळी टक असा आवाज, बोटाला हलका झटका जाणवायला हवा. रस्त्यावर आवाज ऐकू येत नाही. तेव्हा चावी ऑनच ठेवा आणि सोलेनॉइडची वायर नटावरून काढून परत टेकवा. टेकवताना बारीक ठिणगी आणि टक. काढलेली वायर मात्र इंजिनला टेकू देऊ नका, फ्यूज उडेल.

टक येत नाही म्हणजे सोलेनॉइड मेला असं नाही. बहुतेक लोक इथेच चुकतात आणि नवा सोलेनॉइड आणायला धावतात. आधी त्याला थेट करंट द्या: मूळ वायर काढून बाजूला टेप लावा, फ्यूजवाली तुमची वायर बॅटरीच्या प्लसवरून सोलेनॉइडच्या नटावर. टक आला? सेल्फ मारा. गाडी लागली तर पंप बरा, सोलेनॉइड बरा, दोष तुमच्या वायरिंगमध्ये. थेट करंट देऊनही टक नाही, तर मीटरने नटापासून पंपाच्या बॉडीपर्यंतचे ओहम मोजा. १२ व्होल्टच्या रोटरी पंपावर साधारण आठ-दहा ओहमच्या आसपास आकडा यावा. मीटरने काहीच दाखवलं नाही तर आतली कॉइल तुटलेली; शून्याच्या जवळ असेल तर कॉइल शॉर्ट, आणि फ्यूज वारंवार का उडतो त्याचंही उत्तर तेच.

थेट वायर लावून गाडी सुरू केलीत तर एक ध्यानात ठेवा: आता चावीने इंजिन बंद होणार नाही. बंद करायला ती वायर काढावी लागेल. रस्त्यात अडलेला माणूस अशी वायर लावून घरी येतो, ते समजण्यासारखं आहे. पण तशीच महिनोन्‌महिने चालवणारेही आहेत, आणि अपघातात गाडी उलटली तर चावी काढूनही इंजिन डिझेल पीत राहील, हे त्यांच्या डोक्यात येत नाही.

मीटर १२ दाखवतो, तरी सोलेनॉइड उठत नाही

आता मुख्य गोष्ट. सोलेनॉइडची वायर काढली, मीटर लावला, आकडा आला १२.३. म्हणजे करंट येतोय, असं म्हणून लोक वायरिंगला क्लीन चिट देतात आणि पंपावर येतात. हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे.

कारण मीटर स्वतः नाममात्र करंट ओढतो. तांब्याच्या वायरीतल्या तीस तारांपैकी एकच शिल्लक असली, किंवा कपलरच्या पिनेवर हिरवा गंज चढलेला असला, तरी मीटरला १२ व्होल्ट दिसतील. नर्मदेच्या पाण्याच्या नळासारखंच हे: गाळाने भरलेल्या पाइपातही नळ बंद असेपर्यंत दाब पूर्ण भरतो, उघडल्यावर मात्र करंगळीएवढी धार. सोलेनॉइड लावला की नळ उघडला.

हिशेब करून बघा. समजा सोलेनॉइड ८ ओहमचा आणि वाटेतल्या एका सडक्या जोडाचा विरोध ५ ओहम. एकूण १३. बॅटरी १२ व्होल्टची, तर करंट साधारण ०.९ अँपिअर, आणि सोलेनॉइडच्या वाट्याला सात-साडेसात व्होल्ट. उरलेले साडेचार व्होल्ट त्या जोडात खर्च झाले. सेल्फ फिरताना बॅटरीच दहा व्होल्टवर येते, तेव्हा सोलेनॉइडला सहा मिळतात. त्यात खिळा उठत नाही. गंमत अशी की एकदा उठलेला खिळा धरून ठेवायला कमी करंट पुरतो, म्हणून अशीच गाडी कधी धक्का मारून लागते आणि मग दिवसभर बिनतक्रार चालते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

म्हणून नियम असा: मोजायचं ते ओझं लावून. वायर सोलेनॉइडला जोडलेलीच ठेवा, चावी ऑन करा, मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. लाल टोक बॅटरीच्या प्लसच्या खुंटीवर (टर्मिनलच्या क्लिपवर नाही, शिशाच्या खुंटीवरच), काळं टोक सोलेनॉइडच्या नटावर. मीटर जो आकडा दाखवेल तेवढे व्होल्ट वाटेत वाया जातायत. अर्धा व्होल्टपर्यंत चालवून घ्या. एक व्होल्टच्या पुढे गेला की वाटेत दोष आहेच, मग गाडी आज सुरू होवो न होवो.

मीटर नसेल तर काढलेल्या वायरीच्या टोकाला आणि बॅटरीच्या मायनसला २१ वॅटचा बल्ब लावा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो, सोलेनॉइडपेक्षा जास्तच. बल्ब थेट बॅटरीवर लावल्यासारखा लख्ख जळला तर वायर चांगली. पिवळट, मंद जळला तर नाही. एलईडीचा टेस्टर इथे मीटरसारखीच फसवणूक करतो, सडक्या वायरीवरही तो दिमाखात पेटतो.

अर्थ

रोटरी पंपाच्या सोलेनॉइडला एकच वायर असते, म्हणजे करंटच्या परतीचा रस्ता, म्हणजेच अर्थ (अर्थिंग), पंपाच्या बॉडीतून, इंजिनातून, तिथून बॅटरीच्या मायनसला. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे इंजिन आणि चेसिस किंवा बॅटरी यांना जोडणारी अर्थची पट्टी हवीच. क्लचचं काम करताना मिस्त्री ती काढतो आणि कधी कधी परत लावायला विसरतो. मग सेल्फचा सगळा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून, मिळेल त्या वाटेने परततो. सेल्फ मारल्यावर अशी एखादी केबल गरम लागत असेल तर अर्थची पट्टी गेली म्हणून समजा.

मोजणी तशीच: काळं टोक बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर, लाल पंपाच्या बॉडीवर खरवडून. चावी नुसती ऑन असताना ०.१ व्होल्टच्या आत. सेल्फ फिरताना आकडा वाढतो, पण अर्ध्या व्होल्टच्या पुढे जाऊ नये. जास्त आला तर पट्टीची दोन्ही टोकं उघडा, रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून धातू चमकवा, घट्ट बसवा, वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन. अर्ध्याअधिक भुताटकीच्या तक्रारी इथेच संपतात, असं माझं मत आहे, आणि ते काम करायला पैसे लागत नाहीत म्हणून कुणी सुचवतही नाही.

प्लसची वाट उलट्या दिशेने चालत जा

अर्थ ठीक आणि तरी व्होल्ट खाल्ले जातायत, तर पंपाकडून चावीकडे मागे मागे जा. लाल टोक बॅटरीवरच ठेवून काळं टोक एकेका थांब्यावर टेकवा: इंजिनवरचा कपलर, कॅबिनच्या भिंतीतून वायरी आत जातात तिथला मोठा कपलर, फ्यूज बॉक्स, चावीच्या स्विचच्या मागची पिन. ज्या दोन थांब्यांच्या मध्ये आकडा एकदम पडतो, दोष त्या दोघांमध्ये. प्रत्येक इंच वायर सोलत बसायची गरज नाही.

सापडणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. पंपाजवळची वायर इंजिनच्या थरथराटाने थिंबलच्या (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोपणाच्या) मानेत तुटते. बाहेरून प्लॅस्टिक शाबूत दिसतं, हलकं ओढलं की रबरासारखं ताणतं. भिंतीतला मोठा कपलर वॉशिंग सेंटरच्या प्रेशरच्या पाण्याने भरतो. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चढतो, मालक गाडी इंजिनसकट धुऊन घेतो आणि दुसऱ्या सकाळी ती लागत नाही. हे इतकं नेहमीचं आहे की "काल गाडी धुतली होती का" हा प्रश्न आधी विचारावा. मंडीच्या गाड्यांत उंदीर. धान्य-भाजीच्या वासाने येतात आणि वायरीची सालं कुरतडून जातात.

आणि दोन जागा अशा ज्या कंपनीच्या कुठल्याच नकाशात सापडणार नाहीत. एक चोर स्विच. जुन्या गाड्यांत आधीच्या मालकाने सीटखाली, डॅशबोर्डच्या आत किंवा ॲशट्रेमागे लपवलेला छोटा स्विच, आणि तो बहुतेक वेळा सोलेनॉइडच्याच वायरीवर असतो, कारण गाडी बंद ठेवायला ती सर्वांत सोपी वायर. गाडी विकताना मालक सांगायला विसरतो. स्विच गंजतो, किंवा कुणाचा गुडघा लागून बंद होतो. दुसरी जागा जीपीएस ट्रॅकर. त्यातल्या काहींबरोबर दुरून इंजिन बंद करण्यासाठी एक रिले (करंटने चालणारा छोटा स्विच) येतो, तोही याच वायरीत घुसवलेला असतो. ट्रॅकरचा रिचार्ज संपून वर्ष झालं, तरी त्याचा रिले आणि पिळून टेप मारलेले दोन जोड तिथेच. मूळ हार्नेसच्या (गाडीच्या वायरींच्या जुडग्याच्या) रंगांशी न जुळणारी कुठलीही वायर दिसली की तिचा माग काढा.

चावीचं बोलणं ऐका

इग्निशन स्विच स्वतःच खराब असेल तर तो लक्षणांतून सांगतो. सेल्फ फिरत असताना इंजिन पेट घेतं आणि चावी सोडताच विझतं: स्टार्टच्या जागी करंट मिळतोय, ऑनच्या जागी नाही. उलट, सेल्फ फिरताना काहीच नाही आणि चावी सोडण्याच्या क्षणी इंजिन एक-दोन गचके देऊन लागतं: स्टार्टच्या जागी सोलेनॉइडचा करंट तुटतोय, किंवा बॅटरी सेल्फच्या ओझ्याखाली फार खाली जातेय. दोन्हींतला फरक मीटर सांगेल. सेल्फ फिरताना बॅटरीच्या खुंट्यांवर साधारण ९.६ व्होल्टच्या खाली आकडा गेला तर आधी बॅटरी. आराम केलेली, पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी रिकामी.

चावीला जड गुच्छा लटकवायची सवय असेल तर ती सोडा. त्या वजनाने आणि खड्ड्यांनी स्विचच्या आतले पॉइंट झिजतात.

फ्यूज आणि रिले

फ्यूज डोळ्यांनी बघून पास करू नका. पट्टी फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे ठिपके असतात. चावी ऑन करून दोन्हीकडे बल्ब पेटायला हवा. लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. लाल उडाला म्हणून हिरवा घालणं किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळणं म्हणजे फ्यूजऐवजी वायर जळू देणं.

फ्यूज घालताच उडत असेल तर डबाभर फ्यूज जाळू नका. फ्यूजच्या दोन खाचांत तुमच्या २१ वॅटच्या बल्बची दोन टोकं अडकवा. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख जळेल, पण पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊ देणार नाही, त्यामुळे वायर सुरक्षित. आता त्या फ्यूजवरची एकेक वस्तू काढा, हार्नेस हलवा, सायलेन्सरजवळची, ब्रॅकेटच्या धारेवर घासणारी जागा उचलून बघा. ज्या क्षणी बल्ब मंदावला किंवा विझला, त्या क्षणी तुमचा हात जिथे आहे तिथेच दोष आहे.

रिले असेल तर त्याच्या बुडावरचे आकडे वाचा. ८५ आणि ८६ कॉइलचे, ३० वर करंट येतो, ८७ वरून पुढे जातो. रिलेचा टक ऐकू आला म्हणजे तो करंट पुढे देतोच असं नाही, आतले पॉइंट जळलेले असू शकतात. हॉर्नचा रिले त्याच नंबरांचा, त्याच मांडणीचा असेल तर अदलाबदल करून बघा. किंवा रिले काढून सॉकेटच्या ३० आणि ८७ मध्ये फ्यूजवाली वायर घाला. गाडी लागली तर रिले किंवा त्याच्या कॉइलची बाजू दोषी.

पेट्रोल-सीएनजी आणि कॉमन रेल

पेट्रोल इंजेक्शनच्या छोट्या मालगाड्यांत टाकीत विजेचा पंप असतो. चावी ऑन केल्यावर दोन-तीन सेकंद टाकीतून गुंजन ऐकू यावं. नसेल तर वरचीच पद्धत: फ्यूज, रिले, टाकीजवळचा कपलर, अर्थ, सगळं ओझ्याखाली मोजून, पण ठिणगीची चाचणी सोडून. सीएनजी किट लावलेली असेल तर किटवाल्याने पेट्रोल पंपाची वायर कापून आपल्या स्विचमधून फिरवलेली असू शकते, तिथे आधी बघा. आणि कायम गॅसवर चालवून टाकी कोरडी ठेवणाऱ्यांचा पंप जळतो, कारण त्याला थंड ठेवणारं पेट्रोलच तिथे नसतं. चार-पाच लिटर तरी नेहमी असू द्या.

कॉमन रेलमध्ये चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा पेटतो का, एवढं बघा. अजिबात पेटत नसेल तर ईसीयूलाच (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरलाच) करंट नाही असं धरून बॅटरीचे टर्मिनल, मुख्य फ्यूज, मुख्य रिले, ईसीयूची अर्थ तपासा. हे तुम्हाला जमण्यासारखं आहे. दिवा पेटतो पण गाडी लागत नाही, तर स्कॅनरवाल्याकडे न्या. सेन्सरच्या वायरी ५ व्होल्टवर चालतात, त्यांत २१ वॅटचा बल्ब लावलात तर ईसीयू जाऊ शकतो. रेलची नळी तर सैल करूच नका. जुन्या पंपावर इंजेक्टरचा नट ढिला करून हवा काढतात. इथे रेलमध्ये हजार बारच्या वर दाब जातो आणि त्या दाबाची बारीक धार कातडीत शिरते. अशी जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना.

जोड कसा करायचा

सडका भाग कापून टाका, तांबं जिथे गुलाबी-चमकदार दिसेल तिथपर्यंत. काळं पडलेलं तांबं घेऊन जोडलंत तर सहा महिन्यांत परत याल. नवीन वायर १.५ चौरस मिलिमीटरची, या सोलेनॉइडला पुरेशी. इनलाइन पंपाचा बाहेरचा मोठा सोलेनॉइड मात्र ओढताना पुष्कळ करंट घेतो, त्याला मूळ वायरीच्याच जाडीची हवी. जोड थिंबल दाबून किंवा झाळून, वर हीट-श्रिंक. महारानी रोडवर इलेक्ट्रिकच्या दुकानांत हीट-श्रिंक मीटरवर मिळते. पिळून टेप मारलेला जोड इंदूरच्या मे महिन्यात गोंद सोडतो. पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रोमेट, आणि एक्झॉस्टपासून लांब क्लिपा. जोड पंपाच्या अगदी जवळ घेऊ नका, थरथर तिथेच सर्वांत जास्त असते.

गाडी मिस्त्रीकडे गेली की नीट वागते

चालता चालता बंद पडणारी आणि पाच मिनिटांनी आपोआप लागणारी गाडी सर्वांत त्रासाची. भेरूघाटात उतारावर असं झालं तर धोकाही आहे: डिझेल गाडीत ब्रेकचा व्हॅक्यूम इंजिनवरच्या पंपातून येतो, इंजिन थांबल्यावर एक-दोन दाबांपुरतीच मदत उरते, मग पॅडल दगडासारखं. अशी गाडी भरून घाटात नेऊ नका.

आधी उभ्या गाडीवर प्रयत्न करा. इंजिन चालू ठेवून हार्नेस हाताने हलवा (पंखा आणि बेल्टपासून हात लांब), कपलर दाबा, चावी जागेवरच किंचित डावी-उजवी करा, डॅशबोर्डवर थाप मारा. इंजिन गचकलं की जागा सापडली.

नाही गचकलं, तर गाडीलाच साक्षीदार द्या. सोलेनॉइडच्या नटावरून एक बारीक वायर काढा, नटाजवळच तिच्यात २ अँपिअरचा फ्यूज घाला आणि कॅबिनमध्ये आणून मीटर-बोर्डाच्या दिव्याएवढ्या छोट्या बल्बला जोडा. बल्बचं दुसरं टोक अर्थ. तो समोर दिसेल असा चिकटवा आणि नेहमीसारखी गाडी चालवा. तसाच दुसरा बल्ब फ्यूज बॉक्समधल्या सोलेनॉइडच्या फ्यूजच्या पुढच्या, पंपाकडच्या बाजूवर. गाडी बंद पडताना इंजिन विझल्यापासून चाकं थांबेपर्यंत दोन-तीन सेकंद मिळतात, तेवढ्यात नजर टाका, जमल्यास शेजारच्याला टाकू द्या. दोन्ही बल्ब चालू आणि इंजिन बंद, तर प्लसच्या वायरीचा दोष नाही; इंजिनची अर्थ, सोलेनॉइड, डिझेल लाइनमधली हवा, तुंबलेला फिल्टर किंवा टाकीतली जाळी बघा. दोन्ही विझले तर चावीचा स्विच, फ्यूज किंवा त्यामागचा भाग. फ्यूजचा चालू आणि सोलेनॉइडचा विझलेला, तर फ्यूज बॉक्स ते पंप एवढीच वायर तपासायची उरली.